लग्न, ग्रीन कार्ड आणि तारखांचा हिशेब: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

अमेरिकेच्या नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न ठरलेल्या, झालेल्या वाचकांचे प्रश्न आम्ही मागवले होते. जवळपास प्रत्येक पत्रात 'कागद कोणते लागतील' हे विचारलं आहे. लग्न कधी झालं, अमेरिकेत पाऊल कधी ठेवलं, कार्डावर कोणती तारीख आहे, हे मात्र थोड्यांनीच कळवलं. कागद मागाहून मिळवता येतो, तारीख बदलता येत नाही, आणि या प्रक्रियेत निकाल बहुतेक वेळा तारखेवरच फिरतो. म्हणून उत्तरांत तारखांचा काथ्याकूट जरा जास्त आहे. यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याची फी १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे दिली आहे. अर्ज पाठवायच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर ती पुन्हा तपासा, कारण चुकीच्या रकमेचा अर्ज न उघडल्यासारखा परत येतो.

प्रश्न: मुलीचं लग्न अमेरिकेचा नागरिक असलेल्या मुलाशी ठरलं आहे. साखरपुडा झाला. मुलाला दोनच आठवडे रजा आहे. कुणी सांगतं फियान्से व्हिसा लवकर होतो. मुलाचे काका म्हणतात, मुलीकडे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहेच, तर तिकडे येऊनच लग्न करा आणि राहा. काय करावं?
— एक वडील, कोल्हापूर

उत्तर: काकांचा सल्ला सर्वांत आधी बाजूला ठेवा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन लग्न करणं हा गुन्हा नाही; लग्न करून मुदतीत परत येणारी जोडपी असतात. पण तिथेच राहायचं हे आधी ठरवून, विमानतळावर 'फिरायला आले' असं सांगून आत जाणं म्हणजे खोटी माहिती देऊन प्रवेश मिळवणं. हा ठपका बसला तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात, आणि ती उघडायला माफीचा वेगळा, अवघड अर्ज लागतो. साखरपुड्याचे फोटो आणि फोनमधले संदेश तिच्याजवळ असणारच. विमानतळावरचा अधिकारी फोन पाहू शकतो.

आता फियान्से व्हिसा, म्हणजे के-१. त्यासाठी मुलाने आय-१२९एफ अर्ज करायचा, फी ६७५ डॉलर. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली हवी. व्हिडिओ कॉल धरत नाहीत. व्हिसाची फी २६५ डॉलर. तिथे पोचल्यावर ९० दिवसांत त्याच मुलाशी लग्न करायचं आणि मग ग्रीन कार्डासाठी आय-४८५ भरायचा, त्याचे १,४४० डॉलर. तो अर्ज प्रलंबित असताना नोकरीचा परवाना हवा तर आणखी २६०, देशाबाहेर जाण्याची परवानगी हवी तर ६३०. परवानगी न घेता ती भारतात आली तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. घरात कुणी आजारी असलं की नेमकं इथेच अडतं.

उलट, भारतात लग्न करून मुलाने आय-१३० हा बायकोसाठीचा अर्ज भरला तर फी ऑनलाइन ६२५, कागदी ६७५ डॉलर. पुढे कागद तपासणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरला ३२५ आणि १२०, आणि निघण्यापूर्वी कार्डासाठी २३५. मुलगी उतरते तेव्हाच कायम रहिवासी असते आणि पहिल्या दिवसापासून नोकरी करू शकते. के-१ कागदावर काही वेळा थोडा आधी हाती येतो, पण पोचल्यावर कामाविना जाणारे महिने धरले तर तो फायदा उरत नाही. तुमच्या मुलीसाठी आम्ही भारतात लग्न आणि आय-१३० हाच मार्ग सुचवू.

एक सावधगिरी दोन्हीकडची. के-१ भरायचा असेल तर भारतात फक्त साखरपुडाच हवा. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सप्तपदी हा विधीचा भाग असेल तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो, नोंदणी झालेली असो वा नसो. 'छोटंसं लग्न उरकून ठेवलं, नोंदणी केली नाही' अशा जोडप्यांचा के-१ मुंबईत नाकारला जातो, कारण ती आता वाग्दत्त राहिलेली नाहीत. आणि आय-१३० च्या मार्गाने जाताना मुलाच्या रजेसाठी आधी नोंदणी विवाह आणि सहा महिन्यांनी थाटाचं लग्न असा बेत असेल, तर कायदेशीर तारीख पहिली. सगळ्या फॉर्मवर तीच लिहा. पत्रिकेवर आणि फोटोंवर दुसरी तारीख दिसणार, म्हणून एका परिच्छेदाचा खुलासा आधीच जोडा. विसंगती अधिकाऱ्याला सापडणं वेगळं आणि आपण सांगणं वेगळं.

नोंदणीसाठी दोन आठवडे पुरतात का, तेही पाहा. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागते. धार्मिक विधी करून त्याची नोंद विवाह निबंधकाकडे केली तर ती अट येत नाही. मंगल कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाचं पत्र दाखला म्हणून चालत नाही. आणि वर अमेरिकेत, वधू इथे, अशा व्हिडिओवरच्या लग्नाला अमेरिकी कायदा मान्यता देत नाही, जोवर त्यानंतर दोघं प्रत्यक्ष एकत्र येऊन संसार सुरू झालेला नाही. तो अर्ज भेटीनंतरच भरा.

प्रश्न: आय-१३० मंजूर झाला. आता मुंबईच्या मुलाखतीची तयारी करायची आहे. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाही, फक्त आईवडिलांची नावं आणि 'मुलगी'. शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. अडचण येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: महाराष्ट्रातल्या निम्म्या फायलींची हीच कहाणी असते, म्हणून सविस्तर.

आधी जन्मदाखला. ज्या महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तिथे बाळाचं नाव समाविष्ट करण्याचा अर्ज द्या आणि नाव आलेला नवा दाखला मिळवा. तिथे नाही म्हणाले तर जुना दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची किंवा जन्माची माहिती असलेल्या दोन जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. प्रतिज्ञापत्रात जन्मतारीख, जन्मठिकाण, आईवडिलांची पूर्ण नावं आणि सांगणाऱ्याला हे कसं माहीत, हे चारही हवं. जन्माची नोंदच नसेल तर निबंधकाचा 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला आधी घ्यावा लागतो. त्याशिवाय प्रतिज्ञापत्रांना वजन नाही.

आता नाव. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि काही घरांत तांदळात नवं नाव लिहून पहिलं नावही बदलतं. हे समजावून सांगता येतं, लपवता येत नाही. डीएस-२६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'वापरलेली इतर नावं' असा रकाना आहे. माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, वेगळ्या स्पेलिंगचं नाव, सगळी तिथे लिहा. व्हिसावर आणि पुढे ग्रीन कार्डावर पासपोर्टमधलं नाव उतरतं, म्हणून पासपोर्टवर ज्या नावाने आयुष्य काढायचं आहे ते अर्जापूर्वीच करून घ्या. फाईल चालू असताना मधेच पासपोर्ट बदलू नका. नवा पासपोर्ट झालाच तर मुलाखतीला जुना-नवा दोन्ही न्या.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकाराने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे' असं लिहून सही, नाव, पत्ता आणि तारीख द्यायची. दाखल्याच्या मागचा शिक्कासुद्धा भाषांतरात यायला हवा. तो सुटला म्हणून फाईल परत आल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्राचाच घ्या, गावच्या ठाण्याचा नव्हे. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर त्या देशाचाही लागतो. दुबईत दोन वर्षं नोकरी केलेल्यांनी हे आजच सुरू करावं.

तुमचा किंवा नवऱ्याचा आधीचा विवाह झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा हवा. मुद्रांकावर लिहून दिलेली फारकत किंवा पंचांसमोरची काडीमोड एरवी मान्य होत नाही. तुमच्या समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं आणि ते सोपं नसतं. हुकूमनाम्याची आणि दुसऱ्या लग्नाची तारीखही शेजारी ठेवून पाहा. अपिलासाठी ९० दिवसांची मुदत असते. त्या काळात केलेल्या दुसऱ्या लग्नावर अधिकारी शंका काढतात.

सगळे कागद नॅशनल व्हिसा सेंटरच्या पोर्टलवर चढवायचे: प्रत्येक दाखला वेगळी पीडीएफ, पुढची-मागची बाजू एकाच फाईलमध्ये, भाषांतर त्याच्याच खाली. कागद पूर्ण असल्याचं त्यांनी कळवलं की मुलाखतीची रांग सुरू होते. वर्षभर त्या पोर्टलवर काहीच हालचाल केली नाही तर अर्ज संपुष्टात आणण्याची नोटीस येऊ शकते. घराचं बांधकाम किंवा परीक्षा म्हणून थांबला असाल तरी मधून लॉगिन करत राहा.

वैद्यकीय तपासणी वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, मुलाखतीपूर्वी. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला तर थुंकीचं कल्चर करतात आणि त्याला सुमारे आठ आठवडे लागतात. पूर्वी क्षयरोगाचे उपचार झाले असतील तर जुने एक्स-रे आणि औषधांचे कागद बरोबर न्या. तिकीट व्हिसा हाती पडल्यावरच काढा.

मुलाखतीत अरेंज्ड मॅरेजचा बाऊ करत नाहीत. मुंबईच्या अधिकाऱ्यांना ती पद्धत माहीत असते. पण स्थळ कुणी सुचवलं, पहिली भेट कुठे झाली, नवरा काय काम करतो, किती वाजता घरी येतो, हे सहज सांगता यायला हवं. पाठ केलेली उत्तरं लगेच कळतात. हिरव्या किंवा पांढऱ्या कागदावर २२१-जी, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याची नोंद, लिहून आलं तर तो कायमचा नकार समजू नका. बहुतेकदा एखादा कागद कमी असतो. मागितला तेवढाच, सांगितलेल्या मार्गाने द्या.

शेवटचा, तारखेचा मुद्दा नीट वाचा. अमेरिकेत प्रवेश करता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, झाली असतील तर दहा वर्षांचं. व्हिसावर सीआर-१ (सशर्त) छापलेलं असलं तरी प्रवेशाचा दिवस धरला जातो. तुमच्या लग्नाला एक वर्ष अकरा महिने झाले असतील आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर थोडं थांबून लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर उतरा आणि अधिकाऱ्याला आयआर-१ (बिनशर्त) करायला नम्रपणे सांगा. शर्त काढण्यासाठीचा पुढचा ७५० डॉलरचा अर्ज आणि त्यापाठची धाकधूक दोन्ही वाचतात.

प्रश्न: मुलाला नोकरीतून ग्रीन कार्ड मिळालं, तो नागरिक नाही. सून इथे आहे, तिला आधीच्या लग्नातली अकरा वर्षांची मुलगी आहे. दोघी कधी जाऊ शकतील?
— एक आई, नागपूर

उत्तर: लग्नाची आणि मुलाच्या ग्रीन कार्डाची तारीख कळवली नाहीत. सगळं त्यावर आहे.

लग्न कार्ड मिळण्यापूर्वीचं असेल, एका आठवड्याने का होईना, तर सून त्याच्याच नोकरीच्या अर्जाच्या आधारे मागाहून येऊ शकते. त्यासाठी मुलगा आय-८२४ भरतो. नवी रांग नाही. अनेक कुटुंबांना हे ठाऊक नसतं आणि ती उगाच आय-१३० भरून वर्षं घालवतात.

लग्न कार्डानंतरचं असेल तर आय-१३० आणि एफ-२ए ही ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदार-मुलांसाठीची, कोटा असलेली श्रेणी. अर्ज पोचल्याची तारीख हा तुमचा रांगेतला क्रमांक. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यातली तारीख तुमच्या क्रमांकापुढे गेली की मुलाखत. ती तारीख कधी सरकते, कधी थांबते, कधी मागेही जाते. म्हणून अर्ज आजच भरा, बाकी मागाहून.

मुलगा मधेच नागरिक झाला तर सुनेची रांग संपते. नागरिकाच्या जोडीदाराला कोटा नाही. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत नॅशनल व्हिसा सेंटरला पाठवली की श्रेणी बदलते. इथेच मोठा खड्डा आहे. एफ-२ए मध्ये मुलगी आईच्या अर्जात आपोआप येते. नागरिकाच्या जोडीदाराच्या श्रेणीत मुलं आपोआप येत नाहीत. नातीसाठी स्वतंत्र आय-१३० नसेल तर आईचा व्हिसा होतो आणि मूल इथे राहतं. आमचा सल्ला: दोघींसाठी आजच वेगवेगळे अर्ज भरा. सावत्र मुलीसाठी लग्न तिच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी झालेलं असायला हवं. अकराव्या वर्षी ती काळजी नाही. तिच्या जन्मदात्या वडिलांची लेखी संमती किंवा ताबा आईकडे असल्याचा न्यायालयाचा आदेश मात्र तयार ठेवा.

पुढचीही एक गोष्ट. सावत्र वडील नागरिक आहेत म्हणून मूल अठराच्या आत आपोआप नागरिक होत नाही. आई नागरिक झाल्यावर किंवा वडिलांनी रीतसर दत्तक घेतल्यावरच तो लाभ मिळतो.

प्रश्न: जावई अजून शिकतो आहे, उत्पन्न कमी. प्रायोजक दुसरा चालेल का? त्यात धोका काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: चालतो, पण जावयाला आय-८६४ हे हमीपत्र तरीही भरावंच लागतं. अट अशी की घरातल्या माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न हवं. २०२५ च्या कोष्टकाप्रमाणे नवरा-बायको दोघांसाठी ते वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होतं. अलास्का आणि हवाईचे आकडे जास्त आहेत. उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते: नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट. किंवा अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक वा ग्रीन कार्डधारक सहप्रायोजक होतो. भारतातले आजोबा कितीही सधन असले तरी सहप्रायोजक होऊ शकत नाहीत.

सहप्रायोजक होणाऱ्या मित्राला हे स्पष्ट सांगा: घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही. मुलगी नागरिक झाली, तिच्या कामाच्या ४० तिमाह्या भरल्या, तिने देश कायमचा सोडला किंवा दोघांपैकी कुणी वारलं, तेव्हाच ती संपते. सही करणाऱ्याला हे न सांगता सही घेणं योग्य नाही.

प्रश्न: माझं दोन वर्षांचं कार्ड चार महिन्यांत संपतंय. घर, गाडी, वीजबिल सगळं नवऱ्याच्या नावावर. भांडण झालं की तो म्हणतो, 'मी सही केली नाही तर तुझं कार्ड रद्द, परत जा.' मारहाणही झाली आहे. खरंच मला परत जावं लागेल का?
— नाव प्रसिद्ध करू नये, न्यू जर्सी

उत्तर: ताई, नाही. तुमचं कार्ड रद्द करण्याचा अधिकार तुमच्या नवऱ्याला नाही. तो अधिकार सरकारचा आहे, आणि सरकारसमोर तुम्ही एकट्या उभ्या राहू शकता.

नेहमीचा मार्ग असा: कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून कार्डावरची शर्त काढण्यासाठी आय-७५१ भरायचा. ९० दिवसांच्या आधी पाठवला तर परत येतो, मुदत संपल्यावर पाठवला तर कारण द्यावं लागतं. पावती मिळाली की तिच्यासह जुनं कार्ड आणखी ४८ महिने वैध मानलं जातं.

नवऱ्याची सही नसेल तर तोच फॉर्म तुम्ही एकट्या भरता, सवलतीची कारणं देऊन. मारहाण किंवा टोकाचा छळ हे एक कारण. त्यासाठी घटस्फोट झालेला असण्याची गरज नाही. लग्न खऱ्या मनाने केलं होतं पण घटस्फोट झाला, हे दुसरं. या दोन्हीसाठी ९० दिवसांची खिडकी लागू नाही, कधीही भरता येतो. तरी कार्ड संपायची वाट पाहू नका.

पुरावा आजपासून गोळा करा आणि घराबाहेर, विश्वासू मैत्रिणीकडे किंवा त्याला माहीत नसलेल्या ईमेलवर ठेवा. बिलं त्याच्या नावावर असली तरी संसाराचा माग राहतोच: दोघांचं नाव असलेली कर विवरणपत्रं, त्याच्या आरोग्य विम्यात तुमचं नाव, त्याच पत्त्यावर आलेली तुमची बँकेची किंवा दवाखान्याची पत्रं, विमानाची तिकिटं, सणांचे फोटो, शेजाऱ्यांची पत्रं. छळासाठी डॉक्टरांचे कागद, पोलिसांच्या नोंदी, जखमांचे तारखेसह फोटो, धमकीचे संदेश. पोलिसांत गेला नसाल तरी अर्ज करता येतो. तुमचं सविस्तर, तारखांसह लिहिलेलं निवेदन हाही पुरावाच आहे.

ज्यांचं कार्ड अजून झालेलंच नाही आणि नवऱ्याने अर्ज मागे घेण्याची धमकी दिली आहे, त्यांच्यासाठी आय-३६० आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराने छळलेली व्यक्ती तो स्वतः भरते, फी नाही, आणि खातं नवऱ्याला त्याची वार्ता देत नाही. घटस्फोट झाला असेल तर दोन वर्षांच्या आत भरावा लागतो.

आणखी एक, कारण अशी पत्रं दरवर्षी येतात. माहेरी पाठवून पासपोर्ट आणि कार्ड काढून घेतलं असेल तर घाबरून घरी बसू नका. पोलिसांत हरवल्याची किंवा काढून घेतल्याची तक्रार नोंदवा, पासपोर्ट नव्याने काढा आणि अमेरिकी वाणिज्य दूतावासात आय-१३१ए भरून विमानात बसण्यापुरती परवानगी घ्या. बाहेर राहून एक वर्ष व्हायच्या आत हे करायला हवं. वर्ष ओलांडलं की प्रश्न फार अवघड होतो.

न्यू जर्सीत 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते. कौटुंबिक हिंसाचारासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ वर दुभाष्या मागता येतो. वकील निवडताना तो अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात सनद असलेला आहे का ते बघा. 'कन्सल्टंट' म्हणवणारा एजंट कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही, आणि त्याने भरलेल्या चुकीच्या फॉर्मखाली सही तुमची असते.

प्रश्न: नागरिकाशी लग्न केल्यावर तीन वर्षांत नागरिकत्व मिळतं म्हणतात. ९० दिवस आधी अर्ज करता येतो का? मधे आईच्या आजारपणासाठी मी सात महिने पुण्यात होते.
— एक वाचक, टेक्सस

उत्तर: तीन वर्षांच्या नियमाला तीन गोष्टी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: तुम्ही तीन वर्षं ग्रीन कार्डधारक, नवरा तीन वर्षं नागरिक, आणि त्याच नवऱ्याबरोबर तीन वर्षं एकत्र संसार. ९० दिवसांची सूट पहिल्या गोष्टीपुरतीच आहे, तिसऱ्याला नाही. इथेच अनेक जण फी घालवतात.

समजा लग्न १० फेब्रुवारी २०२२ ला पुण्यात झालं, नवरा आठवड्याने अमेरिकेला परतला, आणि तुम्ही १५ जून २०२२ ला तिथे पोचलात. कार्डाची तीन वर्षं भरण्याच्या ९० दिवस आधी म्हणजे १७ मार्च २०२५. पण त्या दिवशी एकत्र संसाराला तीन वर्षं झालेली नाहीत. तो १५ जूनपासून मोजला जाणार. १७ मार्चला भरलेला अर्ज नामंजूर होऊ शकतो. व्हिसा येईपर्यंत दोघं पुण्यात एकत्रच राहत असाल तर १७ मार्च चालतो. लग्नानंतर दूर राहिलेल्या जोडप्यांनी उतरल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन वर्षं मोजावी, हे उत्तम.

सात महिन्यांचं म्हणाल तर, सहा महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली की सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात, पण ते खोडून काढता येतं. नवरा इथेच होता, घर चालू होतं, नोकरी रजेवर होती, कर भरला, आईच्या दवाखान्याचे कागद आहेत, असं दाखवा. वर्षभर किंवा जास्त राहिला असता तर खोडता आलं नसतं. लांबच्या मुक्कामाआधी काढायच्या री-एंट्री परमिटने ग्रीन कार्ड वाचतं. नागरिकत्वाचं सलग वास्तव्य त्याने टिकत नाही. शिवाय तीन वर्षांत प्रत्यक्ष ५४८ दिवस देशात हवेत. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस तुमच्या बाजूने धरतात. पासपोर्टचे शिक्के घेऊन वहीत सरळ मांडणी करा. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात प्रत्येक प्रवास लिहावा लागतो.

फी ऑनलाइन ७१०, कागदी ७६० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर ३८० चा दर आहे. शपथ होईपर्यंत विवाह टिकलेला हवा. मधेच घटस्फोट झाला तर तीन वर्षांचा नियम गेला, पाच वर्षांचा राहतो. आणि आय-७५१ अजून प्रलंबित असेल तरी एन-४०० भरता येतो. दोन्ही बहुधा एकाच मुलाखतीत पाहतात.

दोन गोष्टींची फार काळजी घ्या. वाहन परवान्याच्या कार्यालयात 'मतदार नोंदणी करायची का' असा प्रश्न येतो. ग्रीन कार्डधारकाने 'नाही' म्हणायचं. चुकून केलेली नोंदणी किंवा मतदान नागरिकत्वच नव्हे, कार्डही धोक्यात आणतं. आणि कर विवरणात दोघांपैकी कुणीही स्वतःला अविवाहित दाखवू नका. थोडा कर वाचवायला केलेली ही खूण मुलाखतीत समोर येते.

प्रश्न: नागरिकत्वाची परीक्षा बदलली का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: हो. २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर एन-४०० भरणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत प्रश्न तोंडी विचारतात. १२ बरोबर हवेत. त्याआधी अर्ज केलेल्यांना जुनी, १०० पैकी १० विचारून ६ बरोबरची. इंग्रजीत तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं. वय ५० आणि कार्डधारक म्हणून २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीतून सूट मिळते आणि प्रश्नोत्तरं मराठीतून, दुभाष्यामार्फत होतात.

प्रश्न: शपथ घेतल्यावर भारतीय पासपोर्ट ठेवता येतो का? वडिलांची शेती माझ्या नावावर यायची आहे.
— एक वाचक, जळगाव

उत्तर: नाही. भारताच्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, अगदी तिकीट आधीच काढलेलं असलं तरी. दंड होतो. आधी अमेरिकी पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सुपूर्द करून त्याचं प्रमाणपत्र, आणि ते हाती आल्यावर ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या कार्डाचा अर्ज, असा क्रम. घाईत भारतात यायचं असेल तर ओसीआय येईपर्यंत अमेरिकी पासपोर्टवर भारताचा व्हिसा लागतो.

ओसीआय कार्डावर मतदान नाही, सरकारी पद नाही. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. घर आणि दुकान घेता येतं. वारसाहक्काने आलेली शेती मात्र ठेवता येते. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना तलाठ्यासमोर अमेरिकी पासपोर्टवरचं आणि जुन्या कागदांवरचं नाव वेगळं निघालं तर अडतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि पासपोर्ट सुपूर्द केल्याच्या प्रमाणपत्राची प्रत वडील हयात असतानाच फाईलला लावून ठेवा.